बंद शटरपुढे

लक्ष्मी रोडवर संध्याकाळी सात-साडेसातला एक जोडपं चाललं होतं. गृहस्थ पासष्टीच्या पुढचे, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, पायात करड्या मोज्यांवर सँडल. बाई दोन पावलं पुढे. विजय टॉकीज मागे पडल्यावर ते एका साडीच्या दुकानापुढे थांबले आणि काचेतल्या मोरपंखी पैठणीकडे बघत राहिले. दीड-दोन मिनिटांनी निघाले. शंभर-सव्वाशे पावलांवर पुन्हा एक काच, पुन्हा तेवढाच वेळ. "जन्मात कधी साडीच्या दुकानाची पायरी चढला नाहीत," बाई म्हणाल्या, "आणि आता प्रत्येक काच बघायचीय?" ते नुसते हसले. तिसऱ्यांदा थांबले तेव्हा समोरचं दुकान बंद होतं. खाली ओढलेलं शटर, त्याला कुलूप आणि वर रंगाने लिहिलेलं, 'येथे वाहने लावू नयेत'. ते तेच वाचत उभे राहिले. चार शब्द वाचायला दीड मिनिट लागत नाही.

ते शटर काही केल्या डोक्यातून जात नाही.

जर्मन भाषेत या दुखण्याला 'शाउफेन्स्टरक्रांकहाइट' म्हणतात, म्हणजे दुकानाच्या काचांचा आजार. चालताना पोटरी आवळल्यासारखी होते, गोळा येतो, थांबावंच लागतं. भर रस्त्यात नुसतं उभं राहणं बरं दिसत नाही म्हणून माणूस काचेत बघतो. दोन-तीन मिनिटांत कळ ओसरते आणि पुन्हा साधारण तेवढंच अंतर काटता येतं. वैद्यकातलं नाव 'क्लॉडिकेशन', लंगडण्याच्या लॅटिन शब्दावरून आलेलं. गंमत अशी, की हे दुखणं आधी घोड्यात ओळखलं गेलं. 1831 मध्ये बूले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने एका गाडीच्या घोडीचं वर्णन केलं. थोडं धावली की मागच्या पायांनी लंगडायची, उभी केली की ठीक. तिच्या मांडीच्या धमन्या बंद झालेल्या सापडल्या. माणसातलं हेच दुखणं शार्को या फ्रेंच डॉक्टरने मांडलं ते 1858 मध्ये, म्हणजे मध्ये 27 वर्षं गेली. घोडं लंगडलं की मालकाची त्या दिवसाची कमाई बुडते, म्हणून कोणीतरी वाकून त्याचा पाय बघतं. माणसाला घरचे म्हणतात, वय झालं आता.

आपल्या भाषेनेही यात थोडा घोळ घातला आहे. 'नस' हा एकच शब्द आपण सगळ्याला वापरतो. मणक्यातली नस दबली, झोपेत नस चढली, पायाची नस ब्लॉक झाली, नस फुगून हिरवी-निळी दिसायला लागली. पहिली मज्जातंतू, दुसरी म्हणजे स्नायूचा पेटका, तिसरी धमनी, चौथी नीला. चार वेगळी दुखणी, चार वेगळे डॉक्टर, आणि पेशंट सगळीकडे सांगतो एकच, "नसेचा त्रास आहे." मग आधी कॅल्शियमच्या गोळ्या, नंतर मालिश, मग मणक्याचा एमआरआय. पासष्टीच्या माणसाच्या मणक्यात एमआरआयला काही ना काही सापडतंच, त्यामुळे 'गॅप आलाय' हे निदान सगळ्यांना पटतं आणि पायाकडे बघायचं राहून जातं.

खरं तर मणक्याच्या आणि धमनीच्या दुखण्यांतला फरक त्या शटरपुढेच कळतो. मणक्यातली जागा अरुंद झालेल्या माणसाला नुसतं उभं राहून आराम पडत नाही. त्याला बसावं लागतं, पुढे वाकावं लागतं, आणि कळ जायला जास्त वेळ लागतो. असा माणूस सायकलवर वाकून कात्रजला जाऊन येईल, पण चालत मंडईपर्यंत जाणार नाही. धमनीचं दुखणं असलेल्याला मात्र ताठ उभं राहिलं तरी पुरतं, कारण पोटरीचा स्नायू काम थांबवतो आणि त्याची रक्ताची मागणी एकदम खाली येते. बसल्या जागी त्या स्नायूला लागतं तेवढं रक्त अरुंद धमनीतूनही मिळतं. चालायला लागलं की मागणी कित्येक पट वाढते आणि तिथे पुरवठा तोकडा पडतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्शावर येतो. तरीही पाय तगतो, कारण आडवाटा असतात. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोड बंद असला तरी सदाशिव पेठेतला माणूस बोळाबोळांतून बेलबागेपर्यंत पोहोचतोच. तसं मांडीतली मुख्य धमनी बंद पडली की खोलवरच्या धमनीच्या फांद्या रुंदावतात आणि गुडघ्याखाली रक्त पोहोचवतात. पोहोचतं, पण उशिरा आणि कमी दाबाने. अडथळा बहुतेकदा मांडीच्या खालच्या भागात असतो, धमनी स्नायूंच्या बोगद्यातून गुडघ्यामागे वळते त्या जागी. दुखतं मात्र एक मजला खाली, पोटरीत. म्हणून लोक मलम पोटरीला चोळतात.

किती चालल्यावर थांबता, हा या आजारातला सगळ्यात कामाचा प्रश्न. पुस्तकात उत्तर मीटरमध्ये अपेक्षित असतं. पुण्यात ते 'देवळापासून रिक्षा स्टँडपर्यंत' असं येतं, 'सारसबागेचा अर्धा राउंड' असं येतं, 'पर्वतीच्या पहिल्या टप्प्यालाच' असंही येतं. आणि ते उत्तर बहुतेक वेळा पेशंट देतच नाही. तो म्हणतो, "चालतो की चांगला." शेजारी बसलेली बायको सांगते, "कुठे चांगला? वाण्याच्या दुकानापर्यंत, बस्स. मागच्या दिवाळीला मंडईपर्यंत यायचे." अंतर कमी होत गेल्याचा हा हिशोब कुठल्याच रिपोर्टात नसतो.

तपासणी तर इतकी साधी, की साधेपणामुळेच ती मागे पडते. घोट्याचा रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडाच्या रक्तदाबाने भागायचं. विन्सर आडनावाच्या अमेरिकी डॉक्टरने 1950 मध्ये ती रूढ केली आणि आजही पहिली तपासणी तीच. मोजे काढून माणसाला पाच-दहा मिनिटं आडवं झोपवायचं. मोजे काढायला लावणं हेच अर्धं काम. इलॅस्टिकची पोटरीवर उमटलेली रेघ दिसते, तिच्याखाली केस गेलेली तुकतुकीत कातडी, जाड पिवळट नखं. घोट्याच्या जरा वर पट्टा बांधतात. एक धमनी आतल्या घोट्याच्या हाडामागे लागते, दुसरी पावलाच्या वरच्या बाजूला. अंगठा वर उचलल्यावर जी दोरी ताठ दिसते, तिच्या बाहेरच्या अंगाला. थंडगार जेलचा ठिपका, त्यावर रक्ताचा प्रवाह आवाजात ऐकवणाऱ्या डॉपलर यंत्राचा जाड पेन्सिलीएवढा प्रोब, तिरका धरलेला. निरोगी धमनी तीन ठेक्यांत बोलते, पहिला टणक, दुसरा तोकडा, तिसरा मऊ. अडथळ्याच्या पलीकडची धमनी दाराच्या फटीतून वारा यावा तशी एकसुरी घुमते. कान तयार असला तर आकड्याआधीच निदान झालेलं असतं. पट्टा फुगवत आवाज बंद झाला, की आणखी 20 मिलिमीटर वर नेऊन हवा हळूहळू सोडायची, सेकंदाला 2 मिलिमीटर. आवाज जिथे परत येतो तो आकडा लिहायचा. पायाच्या दोन धमन्यांतला मोठा आकडा भागिले दोन दंडांतला मोठा. दंडाला 150 आणि घोट्याला 90 आलं तर 0.6. 1 ते 1.4 म्हणजे ठीक, 0.9 किंवा त्याखाली म्हणजे अडथळा.

चुकतं ते घाईत. प्रोब जोरात दाबला तर पावलावरची धमनी हाडावर चेपून बंद होते आणि नसलेला अडथळा सापडतो. डिसेंबरच्या सकाळी थंडगार खोलीत, नुकतीच बिडी ओढून आलेल्या माणसाचा आकडा भरवशाचा नसतो. उलटही होतं. झोपलेल्या अवस्थेत आकडा ठाकठीक येतो आणि कहाणी मात्र पैठणीच्या काचेची असते. तेव्हा माणसाला ट्रेडमिलवर किंवा व्हरांड्यात दुखेपर्यंत चालवून लगेच पुन्हा मोजायचं. घोट्याचा दाब धाडकन पडलेला दिसतो.

मधुमेह आला की हे गणितच फसवं होतं. धमनीच्या भिंतीत चुना साठतो, ती पट्ट्याने दबतच नाही आणि उत्तर 1.5 येतं. घरचे खूश होतात, पाय तर तरुणासारखा! अशा वेळी पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा लावून तिथला दाब घ्यावा लागतो, कारण बोटांच्या बारीक धमन्यांत हा चुना सहसा कमी असतो. तो दाब 30 च्या खाली गेला तर जखम आपणहून भरण्याची आशा फार थोडी. त्यातून मधुमेहाने संवेदना गेलेली असली तर पोटरी दुखतच नाही. काचेपुढे थांबण्याचा टप्पाच गाळला जातो आणि पहिली खूण म्हणून थेट काळं पडलेलं बोट समोर येतं. 'पण ते तर किडकिडीत होते' हे वाक्य अशा घरांतून नेहमी ऐकू येतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि जॉन युडकिन या ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी-शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण शरीरातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. त्यामुळे लक्ष्मी रोडवरच्या त्या सडपातळ अंगकाठीकडे बघून निर्धास्त व्हावं असं काही नाही.

थंड पडलेल्या पायाला मायेने केलेला शेक हा घरातला सगळ्यात मोठा अपघात. गरम पाण्याची पिशवी बधिर पायाला भाजते हे कळत नाही, आणि शेकाने कातडीची रक्ताची गरज वाढते तेव्हा द्यायला रक्तच नसतं. रात्री फोड, आठवड्यात जखम. ब्लेडने कुरूप कापणं, कुरुपावर ॲसिडची पट्टी लावणं, अंगठ्याच्या चपलेची दोन बोटांमध्ये घासणारी पट्टी, उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, असेच बाकीचे रस्ते. आणि पाय अचानक पांढराफटक, गार पडून दुखायला लागला, बोटं हलेनाशी झाली, तर तेल लावून चोळत बसायचं नाही. धमनीत गुठळी अडकली असेल तर हातात फक्त काही तास असतात.

तंबाखूबद्दल नवं काय सांगणार? पण बिडी आणि सिगारेटीचा एक वेगळाच आजार आहे, बुर्गरचा. लिओ बुर्गरने 1908 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. तो तिशी-चाळिशीतल्या, बहुधा पुरुषांच्या, हातापायांच्या बारीक धमन्या बंद करतो. त्यात कोलेस्टेरॉलचा संबंध जवळपास नसतो. यात दिवसाला एकदोन बिड्या चालतील अशी सवलत नाही. पूर्ण सोडणाऱ्याचा पाय बहुतेकदा वाचतो, न सोडणाऱ्याची बोटं एकामागून एक जातात. मिश्रीही तंबाखूच, हे मात्र अजून प्रत्येकीला वेगळं सांगावं लागतं.

उपचारांच्या इतिहासात एका आजीबाईंचं स्थान मोठं आहे. 16 जानेवारी 1964, अमेरिकेतलं पोर्टलंड. 82 वर्षांच्या बाई, बोटं काळी पडलेली, पाय कापायला ठाम नकार. सर्जन मंडळींनी हात टेकले तेव्हा चार्ल्स डॉटर या क्ष-किरणतज्ज्ञाने मांडीच्या धमनीतल्या अरुंद जागेतून आधी बारीक तार आणि मग तिच्यावरून एकात एक बसणाऱ्या जाड होत जाणाऱ्या नळ्या सरकवल्या. थोड्याच वेळात पाऊल गरम झालं. बाई अडीच वर्षांनी न्यूमोनियाने गेल्या तोवर आपल्या दोन्ही पायांवर चालत होत्या. हृदयाच्या अँजिओप्लास्टीचा एवढा बोलबाला, पण ती पहिली झाली पायात. डॉटरला लोक मात्र विक्षिप्त समजत. एका सर्जनने तर तपासणीच्या कागदावर लिहून पाठवलं होतं, चित्र काढा, दुरुस्त करायला जाऊ नका. धमनीत फुगवून ती रुंद करणारा फुगा आला 1974 मध्ये, ग्रुंट्झिगने झुरिकमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुळवून केलेला. तोही आधी पायातच वापरला आणि हृदयात गेला 1977 ला.

पण पाय हृदयासारखा वागत नाही. मांडीतली धमनी लांब, आणि प्रत्येक पावलाला ती वाकते, पिळते, आखडते. गुडघ्यामागे तर जास्तच. आपण मांडी घालून जेवतो, उकिडवे बसतो, तेव्हा धमनी उघडी ठेवायला तिथे टाकलेल्या धातूच्या जाळीची, म्हणजे स्टेंटची, तार पुन्हा पुन्हा दुमडून तुटू शकते. म्हणून सांध्यावर स्टेंट शक्यतो टाळतात. नुसत्या फुग्याने उघडलेली धमनी काही महिन्यांत पुन्हा आक्रसते, यावर तोडगा म्हणून फुग्यालाच औषधाचा लेप आला, पॅक्लिटॅक्सेलचा. मूळचं हे कॅन्सरवरचं औषध. धमन्या जास्त काळ उघड्या राहायला लागल्या. आणि डिसेंबर 2018 मध्ये जुन्या चाचण्यांची एकत्र मांडणी करणारा शोधनिबंध आला, त्यात अशा रुग्णांत दोन आणि पाच वर्षांनी मृत्यू जास्त दिसत होते. जगभर हात आखडले गेले. मग नोंदी पुन्हा तपासल्या, हरवलेले रुग्ण शोधले, आणि जुलै 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जाहीर केलं की उपलब्ध आकड्यांत असा जादा धोका दिसत नाही. मधल्या साडेचार वर्षांत ज्यांचा फुगा साधाच राहिला, त्यांनी कोणाला विचारायचं?

बायपासचंही, म्हणजे अडथळ्याला वळसा घालून रक्ताला नवी वाट करून देण्याचंही तसंच. 2022 ची बेस्ट-सीएलआय ही चाचणी 1830 रुग्णांवर झाली. पायातली लांब शीर चांगली असेल तर तिने केलेला बायपास सरस ठरला. पाय किंवा जीव गमावणं, किंवा पायावर पुन्हा मोठा हस्तक्षेप करावा लागणं, याचं प्रमाण 42.6 टक्के, विरुद्ध फुगा-स्टेंटवाल्यांचं 57.4. सर्जन खूश झाले. पुढच्याच वर्षी ब्रिटनची बेसिल-2 आली, 345 रुग्णांची, गुडघ्याखालच्या अडथळ्यांची. तिथे उलटं: बायपासवाल्यांत 63 टक्क्यांनी पाय किंवा जीव गमावला, फुगावाल्यांत 53 टक्क्यांनी. दोन्ही चाचण्या नेटक्या. रुग्ण वेगळे, अडथळ्याच्या जागा वेगळ्या, हातही वेगळे. समोरच्या एका पायाचं उत्तर दोन्हींतून थेट मिळत नाही, हेच त्यांतून कळतं. जाता जाता एक: फुगलेल्या शिरा लेझरने जाळून घेण्याआधी पायाची नाडी कोणीतरी बघावी. तीच शीर पुढे बायपासला लागते, आणि जळालेली शीर परत मिळत नाही.

हे सगळं पाय जाण्याच्या बेतात असलेल्यांसाठी. शटरपुढच्या गृहस्थांना यातलं काहीच लगेच लागणार नाही, बहुधा. त्यांना लागेल कोलेस्टेरॉल उतरवणारं स्टॅटिन, रक्ताची गुठळी टाळणारं ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल, तंबाखू असेल तर ती बंद, कदाचित चालण्याचं अंतर वाढवणारं सिलोस्टाझोल, तेही हृदय कमजोर नसेल तरच. आणि चालणं. सपाट जागेवर, तीन ते पाच मिनिटांत बऱ्यापैकी कळ येईल अशा वेगाने. कळ आली की उभं राहायचं, पूर्ण जाऊ द्यायची, पुन्हा चालायचं. थांबण्यासकट 30 मिनिटांपासून सुरुवात, वाढवत 45-50 पर्यंत, आठवड्यातून तीनदा, निदान 12 आठवडे. पायाला जखम किंवा रात्री झोपू न देणारी कळ असेल त्यांच्यासाठी हे नाही. पटायला जड जातं ते दुखेपर्यंत चालणं. दुखलं म्हणजे बिघडलं, असंच आपण धरून चालतो. पण 2021 च्या लाइट या अमेरिकी चाचणीत बरोबर हेच तपासलं होतं. वर्षभर कळ येईल असं चाललेल्यांचं सहा मिनिटांतलं अंतर सुमारे 34 मीटरनी वाढलं, कळ टाळून रमतगमत चाललेल्यांचं वाढलंच नाही. त्याआधीच्या क्लेव्हर चाचणीत देखरेखीखाली चाललेले लोक सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर 5.8 मिनिटं जास्त टिकले. पोटातल्या धमनीत स्टेंट घातलेले 3.7 मिनिटं. गंमत वाटते, पण देखरेख ठेवणारा माणूस शोधायला गेलं की मिळत नाही. स्टेंट मिळतो.

34 मीटर कागदावर किरकोळ दिसतात. लक्ष्मी रोडवर ती दोन-तीन दुकानं झाली.

अनोळखी माणसाला रस्त्यात गाठून 'जरा मोजे काढा' असं म्हणता येत नाही. म्हणावं का, हे अजून ठरत नाही. निदान बाईंना बाजूला घेऊन एक वाक्य सांगता आलं असतं. पण कुंटे चौकाच्या अलीकडे चौथा थांबा आला तेव्हा गृहस्थांचे पाय अजून चालत होते. या वेळी बाईच आधी थांबल्या, एका बांगड्यांच्या दुकानापुढे. "थांबा जरा," म्हणाल्या, "मला बघायच्यात." ते चार पावलं चालून त्यांच्या शेजारी येऊन उभे राहिले. काचेत हिरव्या चुड्याच्या चळती होत्या, बाईंची नजर खाली त्या करड्या मोज्यांवर. दोनेक मिनिटांनी त्यांनी विचारलं, "निघायचं?" आणि दोघं निघाले. बांगड्यांचा भाव कोणी विचारला नाही.